शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो. त्या निमित्ताने परळच्या एका मराठी शाळेत पुस्तकांचे प्रदर्शन भरवायचे ठरले, म्हणून आदल्या दिवशी दुपारी ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटाचे कुलूप काढले गेले. पालक-शिक्षक संघाकडून मदतीला आम्ही चौघीजणी गेलो होतो. एकीने पहिले पुस्तक ओढले, तर शेजारची दोन पुस्तके पुठ्ठ्याला चिकटून त्याच्याबरोबर बाहेर आली. खालच्या कप्प्यात हिरवट-पांढरी बुरशी, मधल्या कप्प्यात कसर आणि सगळ्यावर डांबरगोळ्यांचा वास. शेवटी भिंतीवर तक्ते लावून प्रदर्शन उरकले. नंतरच्या सभेत मात्र या कपाटावरून जोरदार वाद झाला. तो वाद ज्या तऱ्हेने झाला, ती तऱ्हा मला पटली नाही.

एका बाजूला काही शिक्षक आणि बरेच पालक होते. त्यांचे म्हणणे असे की मुले पुस्तके फाडतात, डब्याचे तेलकट हात लावतात, घरी नेली की हरवतात. नवी पुस्तके जरूर घ्यावीत, पण कपाट बंद असावे आणि वाचनाच्या तासाला बाईंनी मोजून द्यावीत. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणाले, पुस्तके वापरायलाच असतात, खराब झाली तर होऊ द्या, स्वच्छतेचा एवढा बाऊ कशाला? दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या, पण एक गोष्ट दोघांनीही न तपासता धरून ठेवली होती: ग्रंथालय एकतर स्वच्छ राहील नाहीतर वापरात राहील. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. निदान मुंबईत तरी पुस्तक मुलांच्या हातांनी जेवढे खराब होते, त्याच्या कितीतरी पट बंद कपाटात खराब होते. शाळेचे ग्रंथालय स्वच्छ ठेवायचे असेल, तर ते रोज उघडावे लागेल आणि रोज उघडणे हे कुणाचे तरी ठरलेले काम असावे लागेल.

कारण इथली हवा. बुरशीचे बीजाणू कुणी बाहेरून आणावे लागत नाहीत, ते हवेत असतातच. आर्द्रता साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली आणि हवा हलली नाही, की ते रुजतात. मुंबईत जून ते सप्टेंबर आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते, कित्येक दिवस त्याहूनही वर. कागद हा ओलावा शोषून घेतो. त्यात आपल्या शाळांमध्ये कपाट नेहमी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेले, कारण वर्गात जागा नसते, आणि त्या भिंतीवर अडीच-तीन महिने पावसाची झड बसत असते. भिंत ओली, पत्रा गार, आत कोंडलेली दमट हवा. बुरशीला आणखी काय हवे? कसरीला अंधार आणि निवांतपणा लागतो. पुठ्ठा चिकटवायला वापरलेली खळ हे तिचे खाणे. वाळवी भिंतीच्या कडेने मातीच्या नळ्या करत येते. ती नळी पहिल्या आठवड्यात नजरेला पडली, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून कोपऱ्यापुरते भागते. सहा महिन्यांनी पडली, तर तोवर खालचा कप्पा संपलेला असतो. या सगळ्यांचा खरा शत्रू रोजची हालचाल आहे: दार उघडणे, पुस्तक काढणे, उघडून चाळणे, परत ठेवताना शेजारचे नीट करणे. डांबरगोळीने बुरशी थांबत नाही. उलट लहानशा खोलीत तिची वाफ मुलांच्या नाकातोंडात जाते, ती बरी नव्हे.

मुले पुस्तके खराब करत नाहीत, असे मी म्हणणार नाही. मी पाहिली आहेत. प्रकल्पाच्या वहीत चिकटवायला फुलपाखराचे चित्र कापून घेतलेले पुस्तक पाहिले आहे. जुलैमध्ये दप्तर भिजून फुगलेले पुस्तक तर दर वर्षी येते. पण या दोन नुकसानींत फरक आहे आणि सभेत त्याचा उच्चारही झाला नाही. फाटलेले पान पातळ कागद आणि खळ लावून जोडता येते. सुटलेली शिवण बाइंडर घालून देतो. भिजलेले पुस्तक त्याच दिवशी पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली उभे केले, तर बहुधा वाचते. बुरशीने खाल्लेला कागद मात्र भुसभुशीत होतो, डाग जात नाहीत, आणि दमा असलेल्या मुलाच्या हातात ते पुस्तक देणे योग्य नाही. शिवाय मुलाच्या हातून होणारे नुकसान एकेका पुस्तकाचे असते, नोंदवहीत त्याच्यापुढे नाव असते, दुसऱ्या दिवशी ते दिसते. बुरशी अख्खा कप्पा घेते आणि कुणाच्याच नावावर पडत नाही.

कुणाच्याच नावावर पडत नाही, यातच कुलपाचे खरे कारण आहे. सभा संपल्यावर मराठीच्या बाई मला जिन्यात म्हणाल्या, “ताई, पुस्तक हरवलं तर रजिस्टर माझ्यापुढे ठेवतात. कपाटात सडलं तर कुणी काही विचारत नाही.” विरोधी बाजूचा हा सगळ्यात जोरकस मुद्दा आहे आणि सभेत तो कुणी मांडलाच नाही. ज्या व्यवस्थेत हरवलेल्या पुस्तकाचा जाब विचारला जातो आणि कुजलेल्या पुस्तकाचा विचारला जात नाही, तिथे शहाणा माणूस कुलूपच लावेल. बाईंना दोष देऊन काय साधणार? नियम बदलायला हवा. आणि तो कसा असावा, याचा नमुना सरकारनेच घालून दिला आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी स्पष्ट तरतूद आहे: वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे ५ पुस्तके गहाळ होणे वाजवी समजावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी आणि पुस्तक हजार रुपयांपेक्षा महाग किंवा दुर्मीळ असेल तर चौकशी व्हावी. हे नियम केंद्राच्या संस्थांना लागू आहेत, पण त्यांतला हिशेब बघण्यासारखा आहे. सूट किती मिळणार, हे वापरावर ठरते. जितकी पुस्तके फिरतील तितकी सूट. जे ग्रंथालय एकही पुस्तक देत नाही, त्याला एकही पुस्तक हरवायची मुभा नाही. शाळेच्या व्यवस्थापनाने एवढा एक ठराव केला, तर बाईंच्या हातातल्या किल्लीचे ओझे निम्मे होईल.

सभेत एका आजोबांनी परंपरेचा दाखला दिला, तोही वजनदार होता. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नक्कल करणारे एक श्लोक लिहून ठेवत: तैलाद् रक्षेज्जलाद् रक्षेद् रक्षेच्छिथिलबन्धनात्। मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम्॥ तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका, असे पुस्तक सांगते. समर्थांनीही दासबोधात लेखनक्रिया सांगताना पुस्तकासाठी मेणकापड, पेट्या आणि कुलपे सांगितली आहेत. आपले पूर्वज पुस्तकाला कुलूप लावत होते, हे खरेच आहे. पण त्या पोथीची प्रत एकच असे, नवी करायची तर लेखनिकाचे कित्येक दिवस खर्ची पडत. आज मुलांचे गोष्टीचे पुस्तक शंभर रुपयांच्या आत मिळते. आणि पोथी तरी नुसती बांधून ठेवल्याने टिकली का? ती दर श्रावणात लाल फडक्यातून सोडली जाई, वाचली जाई, पुसली जाई आणि पुन्हा बांधली जाई. जैन भांडारांमध्ये कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, ग्रंथ बाहेर काढून स्वच्छ करण्याची प्रथा आहे. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या पाठोपाठ. ज्यांनी ही तिथी धरली त्यांना ओल म्हणजे काय ते ठाऊक होते. श्लोकातल्या चार आज्ञांपैकी तेल, पाणी आणि बांधणी या तीन देखभालीच्या आहेत. आपल्या शाळांनी त्या तिन्ही सोडल्या आणि चौथी तेवढी धरून ठेवली, तीसुद्धा आठ-दहा वर्षांच्या मुलांना मूर्ख ठरवून.

ज्यांच्या नावाने ग्रंथपाल दिन साजरा होतो, त्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिला नियम: पुस्तके वापरासाठी आहेत. तो समजावताना त्यांनी मध्ययुगीन युरोपातल्या साखळबंद पुस्तकांची आठवण दिली. तिथे पुस्तके साखळीने फळीला जखडलेली असत. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये असे ग्रंथालय आजही पाहायला मिळते. पण त्या साखळीबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ती एवढी लांब ठेवलेली असे की पुस्तक समोरच्या मेजावर उघडून वाचता यावे. चोरी होऊ नये पण वाचन व्हावे, असा तो मेळ होता. आपल्या कपाटाच्या कुलपाने तेवढीही सोय ठेवलेली नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डेन यांना बोलावून बडोद्यात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तेव्हा पुस्तके पेट्यांत भरून गावोगाव पाठवली जात. त्या काळचे रस्ते, गावातले नवसाक्षर वाचक, वाटेतली धूळ आणि पाऊस, हे काय महाराजांना दिसत नव्हते? दिसत होते, म्हणून तर भक्कम पेट्या केल्या. पुस्तके बडोद्यातच सुरक्षित राहतील, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही.

मुंबईतलेच उदाहरण हवे तर चर्नी रोडच्या बागेत चला. शाळा सुटल्यावर तिथे वाचत बसणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. ते त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे त्याच माणसाने दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, ते मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून, आणि तिथली पुस्तके जिवापाड जपली. पुस्तक विश्वासाने हाती मिळाले म्हणजे प्रत्येक मूल ते जपायला शिकेलच, असा माझा दावा नाही. पण हाती मिळालेच नाही, तर जपायला शिकायचे कसे?

इथे सभा जिथे भरकटली त्या मुद्द्याला हात घालते. मी सुचवले की पाचवीपासून पुढच्या मुलांनी पाळीपाळीने ग्रंथालयाची देखभाल करावी. लगेच एक वडील उठले आणि म्हणाले, “मी पोराला शाळेत झाडू मारायला पाठवत नाही.” दुसऱ्याने मोबाइलवर जपानी शाळेतली मुले फरशी पुसतानाची चित्रफीत दाखवली. मग वीस मिनिटे जपान आणि झाडू यांवर गेली. त्या वडिलांच्या बोलण्यातला राग मला समजतो आणि मी तो थोरामोठ्यांच्या दाखल्यांनी उडवून लावणार नाही. याच महाराष्ट्रात साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. कुठले काम कुठल्या घरातल्या मुलाने करायचे, हे ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या जातीवरून ठरत आले, तिथे ‘मुलांना स्वच्छतेची सवय लागेल’ हे वाक्य निरागस राहत नाही. बोलवायचे झाले की बाई कुणाला बोलवतात, शिक्षा म्हणून वर्ग झाडायला कुणाला लावतात, याकडे पालकांनी बारीक लक्ष ठेवलेच पाहिजे.

म्हणूनच रेषा नीट ओढली पाहिजे. फरशी, शौचालय, छताची गळती, बुरशी लागलेला कप्पा धुणे, वाळवीचा बंदोबस्त ही पगारी माणसांची कामे आहेत, शाळेने मोबदला देऊन करून घ्यायची. बुरशीची धूळ झटकायला मुलांना उभे करणे तर आरोग्याच्या दृष्टीनेही चूक. पण पुस्तक क्रमांकाने जागेवर लावणे, कोरड्या फडक्याने पाठ पुसणे, फाटलेले पान वेगळे काढून देणे, देवघेवीची नोंद करणे हे ग्रंथालयाचेच काम आहे आणि ते हजेरीपटाप्रमाणे सगळ्यांच्या वाट्याला यावे: मुलगे, मुली, हुशार, मागे बसणारे, सगळे. जपानच्या चित्रफितीत सभेला मुलांच्या हातातले फडके तेवढे दिसले. तिथे शिक्षकही मुलांबरोबर साफसफाई करतात, हे कुणी सांगितले नाही. आपल्याकडे बाई खुर्चीत आणि मुले फडके घेऊन, असे चालणार असेल तर मीही त्या वडिलांच्या बाजूने उभी राहीन.

आणि मुलांना हे जमेल का, अशी शंका ज्यांना वाटते त्यांनी जूनमध्ये आपल्याच घरात पाहावे. दहा बाय बाराच्या खोलीत जमिनीवर तपकिरी कागदाची गुंडाळी पसरून, कोपरे दुमडून, कात्रीने खाच देऊन, वह्या-पुस्तकांना कव्हर घालणारी मुले मुंबईच्या प्रत्येक चाळीत आहेत. नावाची चिठ्ठी सरळ लागावी म्हणून ती पट्टीने मापतात. हे कौशल्य आपण दर जूनला घरोघर शिकवतो आणि शाळेच्या ग्रंथालयात ते लागूच करत नाही. फक्त एक गोष्ट नव्याने सांगावी लागेल: फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि पट्टी सुटली तरी डाग राहतो. गव्हाची पातळ खळ आणि झिरझिरीत कागद पुरतो.

स्वच्छतेचा आणखी एक भाग आहे, ज्याला कुणी हात लावत नाही. पुस्तके कमी करणे. सरकारी भाषेत निर्लेखन. त्या कपाटात आम्हाला नऊ ग्रह शिकवणारी सामान्यज्ञानाची पुस्तके सापडली. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढले ते २००६ मध्ये. जुन्या परीक्षांची गाईडे सापडली. एकाच पुस्तकाच्या पंधरा प्रती सापडल्या, बहुधा कुठल्यातरी योजनेतून आलेल्या, एकही न उघडलेली. तपासणीच्या वेळी आकडा मोठा दिसावा म्हणून हे सगळे राहते आणि चांगली पुस्तके त्याच्या मागे दडपून ओल धरतात. पुस्तक टाकून देणे हा सरस्वतीचा अपमान आहे, ही भावना मी जाणते. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुजणारी मीही आहे. पण बुरशी लागलेले पुस्तक चांगल्या पुस्तकांना खेटून ठेवण्यात कोणता आदर आहे?

पैशांचा प्रश्न येतोच. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. त्या परिशिष्टात ग्रंथालय आहे, ग्रंथपाल मात्र नाही. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना टप्प्यानुसार वर्षाला ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदान ठेवलेले आहे. पण चर्चा होते ती पुस्तके किती घेतली याची. ती ठेवली कशी, हे विचारायची रीतच नाही. या शहराला जुनी ग्रंथालये जपायची कळकळ नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. फोर्टमधल्या जे. एन. पेटिट ग्रंथालयाच्या जीर्णोद्धाराला २०१५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. काळा घोड्याचे डेव्हिड ससून ग्रंथालय दुरुस्त होऊन २०२३ मध्ये पुन्हा उघडले. ही कामे झाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण शाळेच्या खोलीला लागणारी कामे त्यापुढे किती लहान आहेत! कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, खालचा कप्पा जमिनीपासून अर्धा फूट उचलणे, एक चालता पंखा, जाळी लावलेली उघडणारी खिडकी, वर्षातून दोनदा बाइंडर. आणि त्या खोलीतून तुटकी बाके, क्रीडामहोत्सवाची सामग्री आणि गणपतीचे मखर बाहेर काढणे. याला देणगीदार लागत नाहीत.

आता सगळे मोबाइलवर आहे, छापील पुस्तकांची देखभाल हवी कशाला, असे सभेत दोघांनी विचारले. घरात एकच मोबाइल आणि तो रात्री नऊला वडील कामावरून आले की मिळतो, अशी मुले या शाळेत किती आहेत, ते त्यांनी वर्गात जाऊन विचारावे.

सभेने तीन गोष्टी मान्य केल्या आणि एक पुढे ढकलली. कपाटे सरकवली गेली, पंखा आला, दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळी पुस्तके बाहेर काढून पुसण्याचा एक दिवस ठरला. किल्लीचा निर्णय मात्र व्यवस्थापनाकडे आहे. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास दार उघडे राहावे आणि ते उघडणाऱ्या बाईंचा एक तास कमी व्हावा, एवढीच मागणी आहे. ती मंजूर होईपर्यंत आम्ही दर शनिवारी बाईंकडून किल्ली मागून दार उघडतो. बुरशी लागलेल्या कप्प्यातली बहुतेक पुस्तके रद्द करावी लागली. आजवर फक्त एकच पुस्तक मुलाच्या हातून खराब होऊन परत आले. त्याच्या सतराव्या पानावर पिवळे तेलकट बोट उमटले आहे, भाजीच्या फोडणीचे. आणून देताना तो सातवीतला मुलगा स्वतःच ते पान उघडून दाखवत होता, आणि पुढचा भाग कुठल्या कप्प्यात आहे, हे विचारत होता.